२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला या

वाडीतील सर्व मतदारांसाठी: ग्रामसभा २ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता, ग्रामपंचायत कार्यालयात. महिला सभा आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता, तिथेच.

गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तेवढे हजर लागतात. नाहीतर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, मग मोजक्या लोकांत विषय मंजूर होतात. म्हणून वेळेवर या.

• तक्रार लेखीच द्या, तोंडी बोललेलं बहुधा इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) येत नाही. दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या.
• नुसतं ‘पाणी येत नाही’ नको. कोणती आळी, किती वाजता, किती मिनिटं, ते लिहा.
• ठरावाचे सूचक-अनुमोदक (ठराव मांडणारा आणि त्याला पाठिंबा देणारा) आधीच ठरवा.
• कोऱ्या पानावर सही करू नका.