दोन मेजर घेण्याआधी

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अर्थशास्त्र आणि गणित असे दोन मेजर, वर संख्याशास्त्राचा मायनर, म्हणजे जोडविषय, आणि तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशात. तू कष्टाला मागे हटणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी फॉर्म भरण्याआधी माझं थोडं ऐकून घे. पदवीच्या मुलांना शिकवण्यात, त्यांचे प्रबंध वाचण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यातून जे दिसलं तेच लिहिते आहे.

आधी एक फरक स्पष्ट करून घे. दोन मेजर म्हणजे दोन पदव्या नव्हेत. पदवी एकच, तिच्यात मुख्य विषय दोन. ड्युअल डिग्री वेगळी. अमेरिकेत पदवी साधारण 120 क्रेडिटची असते (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप) आणि दुसरी पदवीही हवी असेल, तर बऱ्याच विद्यापीठांत आणखी 30 क्रेडिट करावी लागतात, म्हणजे जवळजवळ एक वर्ष. दोन मेजर ठरल्या वर्षांत बसतात ते काही कोर्स दोन्हीकडे धरले जातात म्हणून. असे किती कोर्स चालतात, ते प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. वरच्या वर्गातल्या मुलांच्या सांगण्यावर जाऊ नकोस, विभागाकडून लेखी घे.

पण नियमात बसलं म्हणजे झालं असं नाही. युरोपातलं क्रेडिटचं माप वेगळं आहे; तिथे एका वर्षाची 60 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचा अभ्यास. म्हणजे वर्षाला दीड हजारापासून अठराशे तास, आणि हे साध्या, जादा काही न घेतलेल्या विद्यार्थ्याचे. तुझा आराखडा मी दोनदा पाहिला. तिसऱ्या वर्षापासून त्यात एकही मोकळी जागा नाही. एखादा कोर्स आवडला म्हणून घ्यावा, एखाद्या प्राध्यापकांकडे जाऊन बसावं, याला वेळच ठेवलेला नाहीस. मला काळजी वाटते ती याची.

शिवाय दोन विषय शेजारी ठेवले म्हणून ते एकमेकांशी बोलायला लागत नाहीत. ऑक्सफर्डने 1920 मध्ये तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र यांची एकत्र पदवी सुरू केली, तेव्हा तिन्ही विषय एकाच अभ्यासक्रमात मांडले. तिथेही पहिल्या वर्षानंतर तीनपैकी एक विषय सोडायची मुभा आहे. दोन मेजरमध्ये सांधा जुळवायचं काम पूर्णपणे तुझ्यावर पडतं. गणित विभागाला तुझं अर्थशास्त्र माहीत नसतं आणि अर्थशास्त्राच्या विभागाला तुझं गणित.

म्हणून माझं मत सरळ सांगते: एक मेजर ठेव, दुसऱ्या विषयाचा मायनर घे आणि उरलेला सगळा जोर ऑनर्सच्या, म्हणजे वर्षभर स्वतः संशोधन करून लिहायच्या, प्रबंधावर लाव.

ऑनर्स म्हणजे नावापुढे लागणारी जादा पदवी असं बरीच मुलं समजतात. खरी गंमत त्या वर्षभराच्या कामात असते. आमच्याकडच्या एका मुलीला परागीभवनावर प्रबंध लिहायचा होता. पहिल्या महिन्यात विषय एवढा पसरट होता की मार्गदर्शक दर भेटीत एकच विचारायचे, ‘हे तू मोजणार कसं?’ आक्रसत आक्रसत तो एका जातीच्या झुडपावर आला: ढगाळ सकाळी त्यावर येणारे कीटक कमी होतात का? मग ही मुलगी रोज सकाळी वही घेऊन झुडपासमोर. कुठला कीटक, किती वाजता, किती फुलांवर बसला. तिचा अंदाज माश्यांच्या बाबतीत साफ चुकला; ढग असले तरी त्या येतच राहिल्या. तिने तो भाग लपवला नाही, उलट त्यावर वेगळं प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर आले, आणि उत्तरं तिच्याइतकी त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हती. वीस-एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ही जागा दुसऱ्या कुठल्या कोर्सात मिळते, सांग बरं?

परीक्षा कोण घेतं यालाही फार महत्त्व आहे. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात तिथले अध्यक्ष फ्रँक आयडेलॉट यांनी 1922 मध्ये ऑनर्स सुरू केलं. छोटे सेमिनार, आणि शेवटी परीक्षक बाहेरच्या संस्थांतले. त्यामुळे शिकवणारा आणि शिकणारा एकाच बाजूला येतात. मला ही रचना फार आवडते. तुमच्याकडे बाहेरचा परीक्षक असतो का, ते जरूर विचार.

प्रबंधाची भीती वाटत असेल तर आधी संशोधनात हात घालून बघ. अमेरिकेतल्या एमआयटीत 1969 मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात घेण्याची योजना सुरू केली. क्रेडिट घ्या किंवा मानधन. आता अशा योजना पुष्कळ ठिकाणी आहेत. एक सेमिस्टर पुरे. काम आवडतं की नाही, तेवढ्यात कळतं.

परदेशातलं सेमिस्टर जरूर कर. मात्र इरॅस्मससारख्या युरोपातल्या विद्यार्थी-विनिमय योजनेत जाण्यापूर्वीच करार होतो: तिथले कुठले कोर्स, इथे कशाच्या बदल्यात. तुझी विनिमय योजना कुठलीही असो, असा कागद सहीनिशी हातात असल्याशिवाय निघू नकोस. पदवी आणि मास्टर्स एकत्र करायचा पर्याय तू विचारला होतास. वर्ष वाचतं हे खरं, पण पुढचं विद्यापीठ आत्ताच ठरून जातं. तुझा कल अजून पक्का नाही, तेव्हा मला तो नको वाटतो. स्वतःच मेजर आखायची सोय तुझ्यासाठी नाही. ज्याचा प्रश्न कुठल्याच विभागात मावत नाही त्याच्यासाठी ती आहे.

तुला माझं पटलं नाही तर दोन मेजर घे, मी आडवी येणार नाही. पण ऑनर्सचं दार लवकर बंद होतं. बऱ्याच विभागांत सरासरी गुण बघतात, संशोधनपद्धतीचा कोर्स आधी झालेला लागतो, आणि चांगले मार्गदर्शक वर्षभर आधीच भरलेले असतात. तेव्हा या सेमिस्टरातच ज्यांचा तास तुला आवडतो अशा दोन प्राध्यापकांना भेट. प्रश्न तयार नसला तरी चालेल. काय वाचलंस आणि कुठे अडलीस ते सांग. त्यांनी मार्गदर्शन केलेले जुने प्रबंध ग्रंथालयात मिळतील, एखादा पूर्ण वाचून जा. आणि संशोधनपद्धतीचा कोर्स पुढच्या सेमिस्टरात घेच, कारण दोनांपैकी काहीही ठरवलंस तरी तो उपयोगी पडेल.

नवा आराखडा झाला की पाठव.

तुझी,
आई