हार-गुच्छ नकोत, हे पाहुण्यांनीच आधी कळवावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात २२ वर्षांपासून शिपाई आहे. सध्या सगळीकडे गॅदरिंगचे दिवस आहेत. कार्यक्रमात सत्काराचं ताट धरून स्टेजवर उभा असतो तो मीच, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदान झाडायलाही मीच असतो. म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी गॅदरिंग आटोपल्यावर स्टेजमागे पडलेले गुच्छ मी मोजले. १९ निघाले. प्रमुख पाहुणे, उद्घाटक, संस्थेची मंडळी, गावातले प्रतिष्ठित, कुणाला वगळायचं? गुच्छ हातात दोन मिनिटं राहतो, फोटो निघतो, मग टेबलावर आणि टेबलावरून खाली. त्यातला एक मी उकलून पाहिला. जरबेराची चार फुलं आणि निशिगंधाच्या दोन काड्या. भोवती चकाकणारा प्लास्टिकचा कागद, त्यावर जाळी, नायलॉनची रिबीन, सेलोटेपचे वेढे, आणि बुडाशी हिरव्या स्पंजचा ठोकळा. सगळं मी कॉलेजमागच्या खतखड्ड्यात टाकलं. पोळ्यापर्यंत फुलांची माती झाली होती. हिरवा ठोकळा मात्र तसाच. बोटानं दाबला तर त्याचा भुगा झाला, पण तो भुगा काही मातीत मिसळला नाही.

शालीचंही तेच. आमचा जिल्हा कापसाचा. कॉलेजातली निम्मीअधिक पोरं कापूस वेचून फी भरणाऱ्या घरांतली. आणि सत्काराला आम्ही आणतो ती शाल नायलॉनची, अंगाला लागली की चरचर करणारी. ती कुणी पांघरत नाही. एका पाहुण्यांनी जाताना ती माझ्याच हातात दिली. घरी अशा चार आहेत. थंडीत त्यांचा उपयोग होत नाही.

कॉलेजच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एका शेतकऱ्याचं वावर (शेत) आहे. जेवणं झाल्यावर वारा सुटला की द्रोण, ग्लास, पाणीपाऊच सगळं त्याच्या तुरी-पऱ्हाटीत (कपाशीत) जातं. डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायच्या वेळी डवऱ्याच्या पासेला (पात्याला) प्लास्टिक गुंडाळलं जातं, घडीघडी बैल थांबवून ते काढावं लागतं. वेचणीत पाऊचचा एखादा तुकडा कापसात आला तर जिनिंगवर कचरा दाखवून भाव पाडतात. हा माणूस आमच्याकडे भांडायला कधी आला नाही. त्याची मुलगी आमच्याच कॉलेजात बी.ए.ला होती. मला ते फार लागलं.

फ्लेक्सची चूक तर माझीच आहे. कार्यक्रम झाला की मोठा फ्लेक्स मी घरी न्यायचो, कुटार, म्हणजे बैलांचा वाळका चारा झाकायला. फुकटचं झाकण मिळालं असं वाटायचं. दोन उन्हाळे खाल्ल्यावर तो तडकला, त्याचे पापुद्रे सुटले आणि कुटारात मिसळले. बैलांपुढे कुटार टाकताना मी ते बोटांनी वेचत बसायचो. सगळे थोडेच हाती लागतात?

कायदा आहे. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे ग्लास, चमचे, सजावटीचं थर्माकोल, इतकंच काय, मिठाईच्या डब्याभोवतीचा आणि निमंत्रणपत्रिकेवरचा प्लास्टिकचा पापुद्राही बंद झाला. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायची होती तेव्हा फाटकावर ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ अशी पाटी लागली. ती मीच ठोकली. त्या पाटीशी इमान राखावं, असं मला मनापासून वाटतं.

मागल्या वर्षी प्राचार्य आणि सांस्कृतिकच्या मॅडमपुढे मी हे सगळं मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना सोबत दिलं. आम्हाला सगळंच जमलं नाही. चहाला कागदी कप आणले, कागद म्हणजे चांगलाच, या समजानं. खड्ड्यात कागद गळून गेला आणि आतली प्लास्टिकची पातळ कातडी कपाच्याच आकारात उरली. माझी आई पळसाची पानं आणून बांबूच्या काडीनं पत्रावळी लावायची, गावातल्या अर्ध्या लग्नांना तिच्याच पत्रावळी जायच्या. म्हणून हौसेनं पळसाच्याच मागवल्या. आल्या त्या मशीनवर दाबलेल्या, पानाच्या खाली प्लास्टिक चिकटवलेलं. वरून हिरवं दिसलं म्हणून घेऊ नये, उलटून पाहावं, हे तेव्हा कळलं. पाहुण्यांना रोपं दिली, तीही चुकलीच. जानेवारीत रोप घेऊन अमरावती-नागपूरला जाणारा माणूस ते गाडीच्या डिक्कीत ठेवतो. तीन रोपं तर स्टेजवरच राहिली, ती मी बोअरवेलजवळ लावली. रोप द्यायचं तर पावसाळ्याच्या कार्यक्रमात द्यावं, आणि कुठे लावणार हे विचारून द्यावं.

जमलं तेही सांगतो. बचत गटाच्या बायांकडे लग्नपंगतीची स्टीलची ४०० ताटं आहेत, ती बिछायत केंद्राऐवजी त्यांच्याकडून भाड्यानं घेतली. धुण्याची मजुरीही त्यांनाच गेली, आणि धुण्याचं पाणी चर काढून झाडांना सोडलं. पाण्याच्या पाऊचऐवजी चार रांजण भरले, ओघराळं ठेवलं. पोरं आधी कुरकुरली, दुपारी रांजणांपुढे रांग होती. फ्लेक्सऐवजी मांजरपाटाचा बॅनर रंगवून घेतला आणि त्यावर सालच लिहिलं नाही. सालाचा तुकडा वेगळा टाचला. तो बॅनर माझ्या कपाटात घडी करून ठेवला आहे, यंदा फक्त तुकडा बदलायचा. खर्च वाढला का, असं दुसऱ्या कॉलेजचे लोक विचारतात. ताटांचा थोडा वाढला, बॅनरचा यंदा वाचेल.

घोडं अडतं ते सत्कारापाशी. मॅडम म्हणाल्या, गुच्छ आणि स्मृतिचिन्ह नाही दिलं तर पाहुण्यांना काय वाटेल? संस्थेच्या लोकांना काय वाटेल? ही भीती खोटी नाही. आपल्याकडे मानपानावरून नात्यांत वर्षानुवर्षं अबोला राहतो, कॉलेज कसं हिंमत करेल? सगळ्यांना ठाऊक आहे की ते मखमली डबीतलं ॲक्रिलिकचं चिन्ह कुणाच्या तरी माळ्यावर जाणार आहे. तरी मागवलं जातं, कारण न देण्याचा पहिला मान कुणी घ्यायचा हा प्रश्न आहे.

तो पाहुण्यांनी घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. निमंत्रणाचा फोन आला की तारीख कळवता, तसंच त्याच फोनवर सांगा, ‘गुच्छ, शाल, चिन्ह काही आणू नका.’ तुम्ही म्हणालात की प्राचार्य सुटतात, मॅडम सुटतात. आम्ही म्हणून चालत नाही. परवा २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. आमच्या विद्यापीठाच्या नावातच बाबा आहेत. बाबा गावात आले की आधी हातात खराटा, कीर्तन नंतर, आणि पाया तर कुणाला पडू देत नसत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातल्या कार्यक्रमांना येणाऱ्यांकडे एवढं मागणं फार नसावं.

द्यायचंच असेल तर घरात वापरलं जाईल असं द्या. मागल्या वर्षी एका पाहुण्यांनी असा फोन केला होता. त्यांना आम्ही धुऱ्याच्या त्याच शेतकऱ्याकडची, जात्यावर भरडलेली एक किलो तूरडाळ दिली, मांजरपाटाच्या पिशवीत. पिशवी गावातल्या शिंप्यानं उरल्या कापडातून शिवली. पंधरा दिवसांनी त्या पाहुण्यांचा कॉलेजला फोन आला, डाळ फार चवीची आहे, अजून पाच किलो मिळेल का?

यंदा शिंप्याकडे १२ पिशव्या टाकल्या आहेत. शेतकऱ्याला डाळीचं सांगून ठेवलं आहे. पत्रिका या आठवड्यात जातील, आणि त्यावर ‘कृपया हार-गुच्छ आणू नयेत’ ही ओळ छापायला प्राचार्यांनी हो म्हटलं आहे. आता पाहुण्यांच्या फोनची वाट पाहतो आहे.

आपला,
एक महाविद्यालयीन शिपाई
जि. यवतमाळ
(कृपया नाव छापू नये.)