रद्दी टाकण्याआधी आमच्या मुलांची आठवण ठेवा

सप्रेम नमस्कार.

वसंताच्या सुट्टीत आमच्या वाचनालयाच्या बालविभागात 5 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी हस्तकलेचा वर्ग भरणार आहे. त्यासाठी तुमच्याकडे एक मागणं आहे. आधीच सांगतो, नवीन काहीही विकत आणून देऊ नका. रंगीत कागदांचे तयार संच, चिकटवायची फुलं, चमकीच्या बाटल्या यातलं काहीच नको. तुमच्या घरातून येत्या काही दिवसांत जे टाकलं जाणार आहे तेच हवं आहे, फक्त स्वच्छ आणि निवडलेलं.

तयार संचात फुलपाखराचे पंख आधीच कापलेले असतात, मुलांनी नुसते चिकटवायचे. पुठ्ठ्याची रिकामी नळी हातात आली की मूल आधी तिच्यातून बघतं, तिच्यात फुंकर मारतं, ती चपटी करतं आणि मग हिचं काय करता येईल ते ठरवतं. ते ठरवणं मुलांच्या वाट्याला यावं, यासाठीच हा वर्ग आहे.

सगळ्यात जास्त गरज आहे ती अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेची. त्याचा एकेक खळगा कापला की घंटेसारखं फूल होतं, ओळीने चार-पाच ठेवले की सुरवंट, दोन जोडले की पिल्लाचं अंग. हा पुठ्ठा कागदाच्या लगद्याचा असल्यामुळे पाण्याचे रंग चटकन पितो. या ट्रेची गोष्टही मुलांना सांगायची आहे. 1911 च्या सुमारास कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात अंडी फुटून पोचतात म्हणून एक शेतकरी आणि एक हॉटेलमालक यांच्यात वाद चालू होता. तो ऐकून जोसेफ कॉइल या वृत्तपत्र चालवणाऱ्या माणसाने प्रत्येक अंड्याला वेगळा खण असलेली कागदी पेटी तयार केली. एक मात्र बघा, अंडं सांडून डागाळलेला ट्रे देऊ नका. तो धुता येत नाही, आणि काही मुलांना अंड्याची ॲलर्जी असते.

पुठ्ठ्याच्या नळ्याही भरपूर लागतील. नळी चपटी करून बोटभर रुंदीचे तुकडे कापले की प्रत्येक तुकडा पाकळी होतो आणि पाच पाकळ्यांचं फूल. वर्तमानपत्रं तर हवीतच. ती एका दिशेने सरळ फाटतात आणि दुसऱ्या दिशेने वेडीवाकडी, कारण यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला वळतात. हे मुलांना सांगून टाकायचं नाही, त्यांनी फाडून शोधायचं. सरळ फाटलेल्या पट्ट्यांचं घरटं विणता येतं. फाटलेल्या कडा कापलेल्या कडांपेक्षा एकमेकींत चांगल्या मिसळतात, म्हणून वाडग्यावर थर चढवून टोपली करायलाही त्याच बऱ्या. याशिवाय खोक्यांचा पुठ्ठा, बाटल्यांची धुऊन वाळवलेली झाकणं, लोकरीची उरलेली टोकं, सुतळी, बटणं, शिंप्याकडच्या चिंध्या, आणि कोणाची छापखान्यात ओळख असेल तर तिथली कातरण. एकाच प्रकारच्या वस्तू जास्त संख्येने आल्या तर फार सोय होते. प्रत्येक मुलाला सारखं मिळालं की भांडणं कमी.

चिकटवायला आम्ही मैद्याची खळ शिजवणार आहोत. मुलाला गव्हाची ॲलर्जी असेल तर पालकांनी नाव नोंदवतानाच सांगावं, त्याच्यासाठी वेगळा डिंक ठेवू. चिकटपट्टी आणि चमकी मात्र कटाक्षाने टाळतो आहोत. चमकी म्हणजे बहुतेक वेळा धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिकच. कागदाचे तंतू साधारण 5 ते 7 वेळा पुन्हा वापरता येतात, पण चमकी लावलेला कागद त्या साखळीतून बाद होतो. मुलांनी केलेलं फूल कोमेजल्यावर पुन्हा कागदाच्या रद्दीत जाऊ शकलं पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

आता जे आणू नये त्याबद्दल, आणि इथे आम्ही जरा कडक आहोत. औषधांच्या बाटल्या आणि पट्ट्या, कीटकनाशकांचे डबे, धारदार कडांचे पत्र्याचे डबे, थर्मोकोल, काच हे नको. दुकानातली गुळगुळीत बिलंही नकोत, त्या कागदावर रसायनाचा लेप असतो. जुनी शुभेच्छापत्रं जरूर द्या, पण उघडल्यावर गाणं वाजवणारी देऊ नका. त्यांच्यात बटणासारखा सेल असतो आणि तो एखाद्या मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. ज्यांची धाकटी भावंडं तीन वर्षांच्या आतली आहेत त्यांनी वर्गातून घरी गेलेली बटणं आणि झाकणं त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.

पैशांची मदत थोडीच हवी आहे: बोथट टोकाच्या कात्र्या, ब्रश आणि रंग यांच्यापुरती. त्यातही डावखुऱ्या मुलांच्या कात्र्या आमच्याकडे नाहीत. साधी कात्री डाव्या हातात धरली की पात्याआड रेघ दिसत नाही आणि मूल स्वतःलाच अडाणी समजू लागतं. साधारण दहातलं एक मूल डावखुरं असतं, त्यामुळे या कात्र्यांसाठी कोणी पुढे आलं तर खरंच आनंद होईल. जमाखर्च फलकावर लावू.

आणि माणसं हवीत. ज्यांना दुपारी एक-दोन तास देता येतील असे आजी-आजोबा, कॉलेजची मुलं, कोणीही. हस्तकला येत नसेल तरी चालेल. कटरचं काम मोठ्यांनी करायचं, बाकी हात मागे ठेवायचे. मुलाने पक्ष्याला तीन पाय लावले तर दुरुस्त करायचे नाहीत. नमुना म्हणून सुबक तयार वस्तू समोर ठेवायची नाही, कारण ती दिसली की सगळी मुलं तीच करायला बघतात आणि जमली नाही की रडकुंडीला येतात. मुलं वेगवेगळ्या घरांतून येणार, कोणाचा सण कोणता ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पक्षी, कळी, घरटं, सुरवंट हे वसंतात सगळ्यांचेच.

वस्तू वाचनालयाच्या वेळेत बालविभागात आणून द्या. बाटल्या, डबे धुऊन कोरडे करा, स्टेपलरच्या पिना काढा, खोकी उलगडून सपाट करा. मोठं सामान असेल किंवा येणं जमत नसेल तर कोणाबरोबर तरी निरोप पाठवा, आमचे कार्यकर्ते घरी येऊन घेऊन जातील. सुट्टी लागण्याच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळं निवडायला बसणार आहोत, म्हणून त्याआधी पोचवा, आणि प्रत्येक पिशवीवर आत काय आहे ते ठळक लिहा.

आपले,
बालविभागाचे कार्यकर्ते