कट्ट्यासाठी पुस्तक निवडताना

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाचनकट्ट्यासाठी दर महिन्याला 'एक नवी, मन प्रसन्न करणारी कादंबरी' सुचवायचं काम बाबांच्या गळ्यात पडलंय असं कळलं. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, चष्मा लाव आणि तूही वाच, कारण निम्मं काम तुझ्याकडेच येणार आहे.

'फील-गुड' हा शिक्का बघून पुस्तक घेऊ नका. या कादंबऱ्यांत मरण नसतं असा एक गैरसमज आहे. बहुतेकींची सुरुवातच कुणीतरी गेल्यानंतर होते. 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' ही स्वीडिश कादंबरी २०१२ची, म्हणजे नवी नाही, पण आजही फील-गुडच्या प्रत्येक यादीत असते. तिच्यातला ५९ वर्षांचा ओव्ह बायको गेल्यावर पुन्हापुन्हा जीव द्यायला निघतो आणि दर वेळी शेजारी काहीतरी काम घेऊन दार वाजवतात. हसू येतं, खरंच येतं. तरी ज्यांची जोडीदार चार महिन्यांपूर्वी गेली त्यांच्या हातात हे पुस्तक द्यायचं नाही. २०२४ची 'द वेडिंग पीपल' तशीच. नावावरून लग्नघरातली गंमत वाटते, पण नायिका त्या हॉटेलात आलेली असते ती आयुष्य संपवायला. शेवटी सगळं सावरतं, पण वाचणाऱ्याला आधी सुरुवातीतून जावं लागतं.

म्हणून मलपृष्ठावरची भाषा नीट वाचायची. 'हार्टवॉर्मिंग' छापलं असेल तर बहुधा धोका नाही. 'बिटरस्वीट' असेल तर डोळे पुसावे लागतील. 'पॉइन्यंट' म्हणजे कुणीतरी जाणार, जवळजवळ नक्की. मुखपृष्ठावर मांजर आहे म्हणून गोष्टीत मांजर असेलच असंही नाही. हल्ली जपानी आणि कोरियन अनुवादांवर मांजर चिकटवायची रीतच पडलीय. खात्री करायची तर बाबा, 'स्टोरीग्राफ' या वाचकांच्या संकेतस्थळावर पुस्तकाचं नाव टाका. आत्महत्या, स्मृतिभ्रंश, लहान मुलाचा मृत्यू, असं काय काय पुस्तकात येतं आणि किती तीव्रतेनं येतं, हे वाचकांनीच तिथं नोंदवलेलं असतं. नंतर 'गुडरीड्स'वर तीन तारे दिलेले अभिप्राय वाचा. पाच तारेवाले प्रेमात असतात आणि एक तारावाल्यांपैकी काहींची तक्रार कुरिअरवाल्याबद्दल असते. पुस्तक कुठं रेंगाळतं आणि कुणाला आवडणार नाही, हे तीन तारेवालेच सांगतात. प्रकाशनाच्या आधीच आलेल्या कौतुकातलं बरंचसं फुकट मिळालेल्या आगाऊ प्रतींवर लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण त्यात भीड असते.

'नवीन' या शब्दाचंही तसंच. शीर्षकपानाच्या मागे बारीक अक्षरात पहिल्या प्रकाशनाचं साल असतं, ते बघत जा. जपानी पुस्तकांची दोन सालं असतात. 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' जपानीत २०१५ला आलं आणि इंग्रजीत २०१९ला. 'डेज ॲट द मोरिसाकी बुकशॉप' मूळ २०१०चं, इंग्रजीत २०२३ला. त्यामुळे 'यंदाचं' म्हणून घेतलेल्या गोष्टीत कुणाच्या हातात स्मार्टफोन दिसला नाही तर चक्रावू नका.

आता प्रत्यक्ष पुस्तकं.

कट्ट्याची सुरुवात 'व्हॉट यू आर लुकिंग फॉर इज इन द लायब्ररी' या कादंबरीनं करा. इंग्रजीत २०२३ला आली. लेखिका मिचिको आओयामा. टोकियोतल्या एका वस्तीच्या समाजकेंद्रात छोटं ग्रंथालय आहे. तिथल्या ग्रंथपाल कोमाची सतत लोकरीच्या चिमुकल्या वस्तू करत बसलेल्या असतात. माणसं येतात, काय हवं ते सांगतात आणि कोमाची यादी छापून देतात. यादीत मागितलेली पुस्तकं असतातच, शेवटी मात्र एक भलतंच नाव असतं. कपड्यांच्या दुकानात काम करणारी २१ वर्षांची मुलगी संगणकाची पुस्तकं मागते, तर यादीच्या शेवटी येतं लहान मुलांचं चित्रपुस्तक, दोन उंदीर मोठ्ठ्या अंड्याचा केक करतात ते, आणि सोबत लोकरीचा इवला तवा. अशी पाच माणसं, पाच प्रकरणं. शेवटचा ६५ वर्षांचा नुकताच निवृत्त झालेला गृहस्थ आहे. बाबा, तुमच्या कट्ट्यावरची निम्मी मंडळी त्याच्यात स्वतःला बघतील, म्हणून ते प्रकरण मुद्दाम शेवटच्या आठवड्याला ठेवा. या पुस्तकात जड दुःख नाही, त्यामुळे कुणालाही देता येतं. खोट एवढीच की पाचही प्रकरणांची घडण सारखी आहे. सलग वाचलं की तिसऱ्या प्रकरणात कंटाळा येतो, आठवड्याला एक वाचलं तर येत नाही.

'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड'चीही चार प्रकरणं आहेत. एका तळघरातल्या कॅफेत ठरावीक खुर्चीवर बसून भूतकाळात जाता येतं, पण अटी फार. खुर्ची सोडायची नाही, त्या कॅफेत कधीच न आलेल्याला भेटता येत नाही, काहीही केलं तरी वर्तमान बदलत नाही, आणि कॉफी गार व्हायच्या आत संपवून परतायचं. या अटी लेखक पुन्हापुन्हा सांगतो. एकट्यानं वाचताना वैताग येतो, कट्ट्यावर मात्र मागच्या वेळी न आलेल्यांची सोय होते. एक लक्षात ठेवा, दुसऱ्या प्रकरणात स्मृतिभ्रंश झालेला नवरा आणि त्याची परिचारिका बायको आहे. कट्ट्यावर कुणाच्या घरी तसं आजारपण असेल तर त्यांना आधी बाजूला घेऊन सांगा. त्यांनी ठरवावं.

आई, तुझ्यासाठी 'द कामोगावा फूड डिटेक्टिव्ह्ज'. क्योटोत पाटी नसलेली एक खाणावळ, निवृत्त पोलीस असलेला बाप आणि त्याची लेक. लोक येऊन सांगतात, 'अमुक पदार्थ एकदा खाल्ला होता, तसाच पुन्हा हवाय.' त्यांच्या अर्धवट आठवणींवरून बाप माग काढत हिंडतो आणि साधारण दोन आठवड्यांनी तो पदार्थ तसाच करून वाढतो. सहा पदार्थ, सहा गोष्टी. त्यातली बांगड्याच्या सुशीची तू बाबांकडून वाचून घे. पाणी कुठलं, भात कुठला, चव कशानं बदलली याचा असा कीस तुझ्याइतका कुणाला आवडणार नाही. फक्त एका गोष्टीत गोमांसाचा रस्सा आहे आणि एकीत डुकराचं मांस, तेव्हा हे पुस्तक श्रावणात कट्ट्यावर नेऊ नका. उगाच पुस्तकाचं राहील बाजूला.

'द थर्सडे मर्डर क्लब' २०२०चं, इंग्लंडमधल्या वृद्धांच्या वसाहतीत घडणारं. चार ज्येष्ठ दर गुरुवारी जमून जुने खून सोडवतात. कट्ट्यावर हे सगळ्यात जास्त चालेल, कारण यात म्हातारी माणसं कुणाच्या दयेची नाहीत, तिरकस आणि हुशार आहेत. मालिका आहे, तेव्हा क्रमानं वाचा. त्या चौघांतल्या एलिझाबेथच्या नवऱ्याचा विसराळूपणा पहिल्या भागापासून वाढत जातो आणि २०२३च्या चौथ्या भागात तो विषय फार जवळ येतो. तो भाग कट्ट्यावर नको.

'रिमार्केबली ब्राइट क्रिएचर्स' २०२२चं. सत्तरीची टोवा रात्री मत्स्यालय झाडते-पुसते, आणि तिथला ऑक्टोपस स्वतःच काही प्रकरणं सांगतो. त्याचं पहिलं वाक्य कैदेतला दिवस मोजणारं, १,२९९वा. त्याच्या जातीचं आयुष्य चार वर्षांचं, म्हणजे उरले साधारण १६० दिवस, हे तो लगेच सांगूनही टाकतो. त्यामुळे शेवट अंगावर येत नाही, हळूहळू जवळ येतो. तरणा मुलगा गमावलेल्यांना मात्र देऊ नका.

खरंच यंदा-गेल्या वर्षीचं काही हवं असेल तर २०२५चं 'द करस्पॉन्डंट'. ७३ वर्षांची निवृत्त वकीलबाई, दृष्टी अधू होत चाललेली, आणि सगळी कादंबरी पत्रांची. पत्रं छोटी, त्यामुळे डोळे थकले की कुठंही थांबता येतं. पण माणसं खूप आहेत आणि नात्यांचा उलगडा उशिरा होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून एका पुठ्ठ्यावर 'कोण कुणाचं' लिहीत जा आणि तोच खूण म्हणून पानात ठेवा. जपानी पुस्तकांनाही हीच युक्ती. नावापुढचं 'सान' आपल्या 'राव' किंवा 'ताई'सारखं समजायचं.

वाचून दाखवण्याचा हिशेब असा. इंग्रजी पुस्तकाच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात आणि सावकाश मोठ्यानं वाचायला पानाला दोन मिनिटं लागतात. पन्नास पानांचं प्रकरण म्हणजे शंभर मिनिटं. तुम्ही वाचता वाचता मराठी करत गेलात तर दुप्पट, आणि घसा बसेल तो वेगळाच. तेव्हा प्रकरण घरी वाचा, कट्ट्यावर दहा मिनिटांत गोष्ट मराठीत सांगा, आणि संवादांची दोनच पानं आदल्या दिवशी मराठीत लिहून आणून वाचा. गोष्ट सांगणं बाबांचं, संवाद वाचणं आईचं, कारण बाबा सगळ्या पात्रांना एकच आवाज देतात!

ज्यांना मराठीच हवं त्यांना दिवाळी अंक. कथा कट्ट्याच्या एका बैठकीत संपते आणि लेखन खरोखर त्या वर्षीचं असतं. बऱ्याच वाचनालयांत अंकांची वेगळी वर्गणी असते आणि गर्दी ओसरल्यावर, साधारण डिसेंबरनंतर, हवा तो अंक आरामात मिळतो. नवं पुस्तक मागवायचं तर वाचनालयाच्या सूचना वहीत नाव, लेखक, प्रकाशक तिन्ही लिहा. नुसतं नाव लिहिलं की ती नोंद तशीच पडून राहते.

डोळ्यांचं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ उघडूही नका आणि कट्ट्याच्या ग्रुपवर पुढं तर मुळीच पाठवू नका. चोरीचा माल आहे हे एक. शिवाय पीडीएफचं पान ठोकळ्यासारखं असतं, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोट आडवं सरकवावं लागतं. किंडल या पुस्तकं वाचायच्या यंत्रावर अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात. आईसाठी अक्षर इतकं ठेवा की एका ओळीत सहा-सात शब्द बसतील; त्याहून मोठं केलं तर दर दहा सेकंदांनी पान उलटावं लागतं. पुस्तक विकत घेण्याआधी त्याचा नमुना मोफत उतरवता येतो, तो आधी वाचा. फुटपाथवरची स्वस्त प्रत नको. पुसट छपाई असते, कणा पहिल्यांदा उघडतानाच सुटतो आणि मधली सोळा पानं गायब असली तर तक्रार कुणाकडे करणार? स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायलाही मिळतात. झोपताना ऐकणार असाल तर टायमर लावा, नाहीतर सकाळी उठाल तेव्हा गोष्ट चार प्रकरणं पुढं गेलेली असेल.

आवडत नसलेलं पुस्तक रेटू नका. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा नियम आहे: पन्नाशीपर्यंत पन्नास पानं वाचून बघायची, त्यानंतर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढी. म्हणजे बाबांना २६ आणि आईला ३१.

आणि सुचवताना 'फार सुंदर आहे, वाचाच' एवढंच बोलून खाली बसू नका. तीन मिनिटं घ्या. कुणाची गोष्ट, कुठली, त्या माणसाचं काय अडलंय, वेग कसा, दुःख कुठं आहे, आणि हे पुस्तक कुणासाठी नाही. हे शेवटचं बाबा नेहमी गाळतात. शेवट सांगायचा नाही. आधी समोरच्याला विचारा, गेल्या वर्षात अर्धवट सोडलेलं पुस्तक कुठलं आणि का सोडलं; आवडलेल्या पुस्तकांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

ग्रंथालयाची कादंबरी आणि खाणावळीची, दोन्ही मागवली आहेत, पार्सल तुमच्या पत्त्यावर येईल. उघडल्यावर मधली आणि शेवटची पानं आहेत ना ते त्याच दिवशी बघा, परत करायची मुदत थोडी असते.

तुमची लेक