गार्गीच्या एमएस्सीचं कर्ज

पुणे, 12 जून

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

गार्गीला न्यूट्रिशनच्या एमएस्सीला प्रवेश मिळतोय हे वाचून मनापासून आनंद झाला. पण दोन वर्षांच्या फीचे सहा लाख कर्ज काढून भरायचे म्हणतोस, तेव्हा बँकेत सही करण्याआधी हे पत्र नीट वाच. शक्यतो तिच्याबरोबर बसून वाच.

व्याजाचा दर 10.5 टक्के धरू. पहिल्या वर्षी तीन लाख उचलले, दुसऱ्या वर्षी तीन. हप्ता सुरू होतो तो अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. या काळात साधारणपणे सरळव्याज लावतात. त्या हिशेबाने पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचे 94,500 आणि दुसऱ्या तीन लाखांवर दोन वर्षांचे 63,000 होतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर सहा नव्हे, 7,57,500 रुपये असतात. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 12,770 रुपये. बँक पंधरा वर्षांची मुदत देऊ करील आणि हप्ता 8,370 वर येईल, पण एकूण भरणा पंधरा लाखांच्या वर जाईल. हप्ता हलका दिसतो म्हणून लांब मुदत घेऊ नका.

आता कमाईची बाजू. नुसत्या एमएस्सीवर रुग्णालयात डाएटिशियन म्हणून पाय रोवणं अवघड. चांगल्या ठिकाणी ‘आरडी’ मागतात, म्हणजे इंडियन डाएटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियन परीक्षा. तिच्यासाठी रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. पुष्कळ ठिकाणी स्टायपेंड नसतो, काही ठिकाणी उलट फी घेतात, शिवाय राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. मग परीक्षेची वाट, निकाल, नोकरीचा शोध. बँकेने दिलेलं ते एक वर्ष असं कमाईविना सरतं आणि पहिला पगार व पहिला हप्ता जवळजवळ हातात हात घालून येतात. माझ्या मते या शिक्षणाच्या कर्जातली खरी अडचण इथे आहे, आणि फीच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही.

म्हणून हिशेब उलटा कर. सुरुवातीला हातात 22,000 पडतील असं धर. हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे 5,500. सात वर्षांच्या मुदतीत एवढ्या हप्त्यात 3,26,000 फिटतात. आधीचं चढलेलं व्याज वजा केलंस तर मूळ कर्ज अडीच लाखांच्या आसपासच घेता येतं. सहा लाख घेतले तर 12,770 गेल्यावर तिच्याकडे 9,230 उरतील. तेवढ्यात पुण्यात खोलीचं भाडं, डबा आणि बसचा पास बसवून दाखव.

22,000 हा माझा अंदाज आहे, तो तू तपासून घे. त्या कॉलेजातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार-पाच मुलींना फोन करा. पहिला पगार हातात किती आला, आरडीला किती महिने गेले, इंटर्नशिप कुठे केली, एवढंच विचारा. कॉलेज सांगेल तो ‘सर्वाधिक पगार’ बाजूला ठेवा.

पगार वाढतो तो हातातल्या कौशल्याने. वजन कमी करायचे तक्ते पुष्कळजण देतात. पण आयसीयूमध्ये 70 किलोच्या रुग्णाला नळीवाटे अन्न द्यायचंय, किलोमागे 25 किलोकॅलरी म्हणजे दिवसाला 1,750, तेव्हा मिलिलिटरला एक किलोकॅलरी असलेलं फीड तासाला साधारण 73 मिली सोडायचं, प्रथिनं किलोमागे 1.2 ग्रॅमने 84 ग्रॅम मिळतात का ते बघायचं, आणि किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियमसाठी सगळं पुन्हा मांडायचं, हे झटपट करणारी मुलगी डॉक्टरांना हवी असते. इंटर्नशिप अशा वॉर्डात मिळेल का, हे प्रवेशाआधीच विचारा.

संशोधनाची आवड असेल तर दुसरी वाटही आहे. गृहविज्ञान विषयात यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. स्पर्धा कडक आहे, त्यामुळे त्या भरवशावर कर्ज काढू नका.

कर्ज घ्यायचंच असेल तर आधी पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत कॉलेज आहे का ते बघ. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश गुणवत्तेवर असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात, म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंत, तीन टक्के व्याज सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ही सोय नाही. चार लाखांच्या वर गेलात की साधारण पाच टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि एवढ्या पगारावर गार्गीला कर लागणारच नाही. तू सहकर्जदार होऊन स्वतः व्याज भरलंस तरच त्या वजावटीचा उपयोग.

आणखी एक. शिकत असताना आणि पुढे हप्ता सुरू होईपर्यंत व्याज दरमहा भरून टाका: पहिल्या वर्षी 2,625, नंतर 5,250. सहा लाखांवर एकूण 65,000 च्या आसपास वाचतात आणि हप्ता 10,120 वर येतो.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेजची दुसरी यादी लागायची असेल तर थांबा. फी भरायची शेवटची तारीख आणि फीचा पूर्ण तक्ता, वसतिगृह व परीक्षा शुल्कासकट, मला पाठव. मंजुरीपत्राचा मसुदा आला की तोही पाठव, व्याजाचा दर स्थिर आहे की बदलता ते त्यातच कळेल.

वहिनींना नमस्कार, गार्गीला आशीर्वाद.

तुझा,
अनिल