बांजुलला जाणारी बाटली आपल्या दारातच तपासा

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी तारापूर एमआयडीसीत औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करतो. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा लॉट आला की आम्ही प्रत्येक ड्रमचे बूच उघडून नमुना काढतो. 24 ड्रम असतील तर 24 नमुने. काचेच्या बाटलीत ते पाण्यासारखे नितळ दिसते. डायएथिलीन ग्लायकॉल हे विष, पण तेही तसेच दिसते, चवीलाही गोडच. पहिले सिरपमध्ये औषध विरघळवायला वापरतात, दुसरे ब्रेक ऑइलमध्ये आणि कूलंटमध्ये. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर मलाही ओळखता येणार नाहीत. द्रवातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या जीसी मशीनवर लावल्यावरच कळते. एकदा पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "साहेब, सगळा एकच लॉट आहे, दोन ड्रम बघा आणि सोडा." मी सोडले नाहीत. त्या दिवशी बॅच रखडली, बोलणी खाल्ली.

2022 च्या पावसाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात (राजधानी बांजुल) तान्ह्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. किडन्या निकामी होऊन किमान 66 मुले गेली. 5 ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणात बनलेल्या चार औषधांबद्दल इशारा दिला: त्यांत डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकॉल सापडले होते. आपल्या सरकारने इथले नमुने निर्दोष ठरवले, तो वाद मला ठाऊक आहे. पण त्या देशाकडे तेव्हा औषध तपासायला स्वतःची प्रयोगशाळासुद्धा नव्हती. नमुने परदेशी पाठवावे लागले. माल उतरवून घेताना त्यांच्या हाती होता तो फक्त आपल्याकडचा कागद.

मग गांबियाने 1 जुलै 2023 पासून नियम केला: भारतातून येणाऱ्या औषधांच्या प्रत्येक खेपेची कागदपत्रे आणि नमुने माल निघण्याआधी भारतातच तपासायचे, आणि तपासणीचा स्वच्छ दाखला असेल तरच पुढे जायचे. हे काम त्यांनी मुंबईतल्या एका खासगी कंपनीवर सोपवले. आमच्या धंद्यातले अनेक जण याला कटकट म्हणतात. खर्च वाढतो, कंटेनर खोळंबतो, हे खरेच आहे. तरी मला गांबियाचे म्हणणे शंभर टक्के पटते. आपला माल तपासायला त्यांना आपल्या दारात माणूस बसवावा लागला, याचे मात्र फार वाईट वाटते.

आपणही 1 जून 2023 पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचा अहवाल सक्तीचा केला. चांगले केले. पण खोकल्यावरच का थांबलो? गांबियातल्या त्या चार औषधांपैकी दोनच 'कफ सिरप' या नावाने विकली जात होती. एक सर्दीचे होते, एक प्रोमेथाझिनचे. तापाच्या पॅरासिटामॉल सिरपमध्येही हेच द्रावक असते. विष ड्रममधून येते. बाटलीवर कोणत्या आजाराचे नाव आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

हे आपल्याला नवीन नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या याच विषाने 14 रुग्ण दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. आणि 2025 मध्ये असेच विषारी सिरप प्यायलेली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरे नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, तेव्हा त्यांच्या सिरपला निर्यातीसारखा आधीच्या तपासणीचा नियम लागू नव्हता.

म्हणून विनंती आहे. ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असलेल्या, तोंडाने घ्यायच्या प्रत्येक पातळ औषधाची बॅच बाहेर पडण्याआधी या दोन विषांसाठी तपासली जावी. मग ती बांजुलला जावो, लागोसला जावो की छिंदवाड्याला. आजच्या प्रयोगशाळा अपुऱ्या पडतील, त्या वाढवाव्यात. आणि प्रत्येक बॅचचा अहवाल क्रमांकासह संकेतस्थळावर टाकावा, म्हणजे बांजुलमधल्या एखाद्या नर्सला बाटली उघडण्याआधी मोबाइलवर तो क्रमांक टाकून बघता येईल.

आपला नम्र,
औषध तपासणीतला एक कर्मचारी
बोईसर, जि. पालघर