इकडची घरपट्टी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, परवा कॉलवर घरपट्टीचा आकडा ऐकून तुम्ही एकदम गप्पच झालात आणि तेवढ्यात नेट गेलं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवते, नाहीतरी हिशोब कागदावर दिसल्याशिवाय तुम्हाला पटत नाही.

तर इकडे आपण घर कितीला घेतलं तीच सगळ्याची सुरुवात. पंधरा लाख डॉलरला घेतलं तर त्याचा १ टक्का म्हणजे पंधरा हजार हा मूळ टॅक्स, वर लोकांनी मतदानात मंजूर केलेल्या बाँडचे, म्हणजे सार्वजनिक कामांसाठी काढलेल्या कर्जाचे पैसे आणि बारीकसारीक आकारण्या, सगळं धरून सतरा हजाराच्या आसपास जातं. वर्षाला. रुपयात करत बसू नका, आईचं बीपी वाढेल.

बिल वाचायला मात्र मजा येते. डासांसाठी वेगळी ओळ आहे, दीड-दोन डॉलरची! खाडीचा किनारा नीट करायला वर्षाला १२ डॉलर, ते २०१६ साली मतदान घेऊन ठरलेलं. आपल्याकडे कुठला पैसा कशाला गेला हे विचारायला वॉर्ड ऑफिसात गेलं तर लोक वेड्यातच काढतील.

पण खरी गंमत पुढेच आहे. आमच्या शेजारच्या आजींचं घर अगदी आमच्यासारखंच, तेवढ्याच खोल्या, तेवढंच अंगण, आणि त्या आमच्या पाव टॅक्स भरतात. कारण १९७८ साली इथल्या लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १३ आणलं, तेव्हा घरांचे भाव इतके भराभर वाढत होते की पेन्शनवाल्यांना टॅक्स परवडेना, मग असं ठरलं की मूळ दर १ टक्क्याच्या वर जाणार नाही आणि टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढणार, बाजारभाव कुठे का जाईना. घर विकलं गेलं की मग नव्या मालकाला नव्या किमतीवर. आजींनी घेतलं ऐंशीच्या दशकात, त्यामुळे त्या अजून त्याच जुन्या किमतीवर वर्षाला थोडं थोडं चढत आल्यात. आपल्याकडे पागडीवाले भाडेकरू असतात ना, तसंच काहीसं. मला विचाराल तर नव्या लोकांवर हा अन्याय आहे, शाळा तीच, रस्ता तोच आणि बिल चौपट. पण वीस वर्षांनी मीच या कायद्याच्या बाजूने भांडत असेन हेही खरं :)

आणि हो, घर घेतल्यावर एक जास्तीचं बिल येतं, सप्लिमेंटल म्हणतात, आधीच्या मालकाची धरलेली किंमत आणि आपली किंमत यातल्या फरकावर, घर घेतल्यापासून ३० जूनला टॅक्सचं वर्ष संपेपर्यंतच्या महिन्यांचं. नेहमीचा टॅक्स बँक हप्त्याबरोबर कापून भरते पण हे बिल सहसा थेट आपल्याच पत्त्यावर येतं, एजंटने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तेवढे पैसे बाजूला होते. ज्यांचं बँक भरत नाही त्यांनी पहिला हप्ता १० डिसेंबर आणि दुसरा १० एप्रिलच्या आत भरायचा, चुकला की सरळ १० टक्के दंड. स्वतः राहतो म्हणून फॉर्म भरला तर सूट मिळते ती जेमतेम सत्तर डॉलरची, म्हणजे एकदा सगळ्यांनी बाहेर जेवलो की संपली.

त्यापेक्षा आपली पुणे महापालिका दिलदार, स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत. त्यावरून आठवलं, धायरीच्या फ्लॅटच्या बिलात ती सवलत लागलीये का बघा, नसेल तर पीटी-३ फॉर्म भरून द्यावा लागेल, सोबत तिथे राहत असल्याचा पुरावा. दादाला घेऊन जा, एकटे उन्हात रांगेत उभे राहू नका.

आई, मेतकूट मिळालं, डबा अर्धा संपला पण.

तुमची,
मनू